यशोगाथा छापताना रिकामे महिनेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत छोट्या व्यावसायिकांच्या यशोगाथा येतात. त्यांची कात्रणं मी गेली सात-आठ वर्षं जपून ठेवते आहे. कुणी घरच्या पापडांवरून कारखान्यापर्यंत पोचलेलं असतं, कुणी नोकरी सोडून शेळीपालनात नाव काढलेलं असतं. वाचून बरं वाटतं. पण कात्रण बाजूला ठेवलं की एक प्रश्न दर वेळी मनात राहतो. या माणसाचे महिन्याचे पैसे पुरत नव्हते तेव्हा याने काय केलं? तेवढंच कधी छापून येत नाही. त्यासाठीच हे पत्र लिहिते आहे.

सांगलीच्या गावभागात आमची पिठाची गिरणी आणि मिरची कांडप आहे. गिरणी मामंजींनी १९७९ साली टाकली, कांडपाचं मशीन १९९४ साली आलं. २०११ साली माझे मिस्टर गेले आणि दोन्ही माझ्या अंगावर आलं. त्याआधी मी दळणाचे डबे लावणं आणि पैसे घेणं एवढंच करत होते.

कांडपाचा धंदा काय असतो हे शहरातल्या नव्या पिढीला कदाचित सांगावं लागेल. आमच्याकडे तिखटाला चटणीच म्हणतात, आणि ती घरोघर वर्षाची एकदम होते. होळीच्या आसपास ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी अशा मिरच्या घरी येतात. गच्चीवर वाळवायच्या, डेखं म्हणजे देठं काढायची, धने-जिरे-तीळ-खोबरं आणि गरम मसाला वेगवेगळा भाजायचा, कांदा-लसूण तयार ठेवायचा आणि सगळं डब्यात भरून कांडपाला यायचं. लोखंडी उखळात मुसळ वरखाली होत राहतं आणि मिरची कुटली जाते. दळताना पीठ तापतं तशी ती तापत नाही, म्हणून रंग राहतो. बायका मशीनशेजारी बसून राहतात, कारण आपल्या मिरचीत दुसऱ्याची मिसळू नये. तोंडाला पदर, डोळ्यांत पाणी, आणि ठसक्यातून गप्पा चालूच. हा हंगाम फेब्रुवारीच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत, धरून चालायचे तर सत्तर दिवस. वळवाचा पाऊस सुरू झाला की संपलं.

पहिली पाच वर्षं मी गल्ला बघून धंदा केला. हंगामात संध्याकाळी गल्ला उघडला की नोटा मावायच्या नाहीत. त्यातूनच किराणा, मुलाची फी, लग्नाचे आहेर, सगळं जायचं. गल्ला माझा, धंदा माझा, मग वेगळं काय लिहायचं, असं वाटायचं. पावसाळ्यात हात आखडायचा तेव्हा मी समजायचे की मंदी आहे, सगळ्यांनाच असेल.

८ नोव्हेंबर २०१६ला नोटा बंद झाल्या आणि हे सगळं एकदम उघडं पडलं. गिरणीचा व्यवहार वीस-तीस रुपयांचा. लोकांकडे सुटे नाहीत, माझ्याकडे नाहीत. दळण तर थांबवता येत नाही. भिंतीवर खडूने उधारी लिहायला लागले. पंधरा दिवसांत भिंत भरली. माझ्याकडे एवढ्या वर्षांच्या धंद्यातून बाजूला काढलेलं किती आहे म्हणून बघायला गेले, तर काहीच नव्हतं. वीजबिलासाठी भावाकडून पैसे आणले. त्या दिवशी हरभट रोडवरून दोनशे पानी वही घेतली आणि ठरवलं, की या घरात येणारा आणि जाणारा प्रत्येक रुपया लिहायचा.

२०१७च्या हंगामाचे त्या वहीतले आकडे इथे देते. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, आणि कुणाला उपयोग झाला तर बरंच. रोजची सरासरी ८० किलो मिरची, दर किलोला ४० रुपये, म्हणजे दिवसाला ३,२०० रुपये. सत्तर दिवसांचे २ लाख २४ हजार. मला आयुष्यभर तो ३,२०० आकडाच दिसत होता. आता त्यातून दोन बायकांची मजुरी गेली ३५ हजार, वीज २४ हजार, मुसळं, पट्टे, ग्रीस, मोटरचं काम मिळून १५ हजार. उरले दीड लाख. बाराने भागले तर महिन्याला साडेबारा हजार. दिवसाला तीन हजार मिळवणारी बाई मी समजत होते स्वतःला, आणि खरी कमाई महिन्याला साडेबारा हजार. त्या रात्री वही मांडीवर घेऊन मी बराच वेळ बसले होते.

गिरणीचं तर त्याहून वाईट निघालं. दिवसाला ६० किलो दळण, किलोला ५ रुपये. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ७,८०० रुपये. वीज आणि गिरणीच्या गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावून परत खरखरीत करणं वगैरे जाऊन ४ हजार राहायचे, आणि गिरणीवरच्या माणसाला मी ६ हजार देत होते. म्हणजे कांडपाच्या पैशातून दर महिन्याला दोन हजार रुपये घालून मी गिरणी चालवत होते, आणि कितीतरी वर्षं मला ते माहीतच नव्हतं. घरोघरी घरघंटी आली, तयार पिठाच्या पिशव्या आल्या, दळण कमी होत गेलं, पण ते इतकं हळूहळू झालं की डोळ्यांना दिसलं नाही. वहीत मात्र एका पानावर दिसलं.

यावर काय करायचं, हे ठरवायला मला दोन महिने लागले. गिरणीवरचा माणूस मामंजींच्या वेळचा, त्याला 'उद्यापासून येऊ नको' म्हणायची जीभ होईना. शेवटी त्याला वही दाखवली. त्याने ती शांतपणे बघितली आणि म्हणाला, "वैनी, हे मला आधी सांगितलं असतं तर मी यार्डातलं काम सोडलं नसतं." हे वाक्य अजून टोचतं. हिशोब न ठेवल्याने माझंच नुकसान होत होतं असं मला वाटत होतं, त्याचंही होत होतं. पुढे तो मार्केट यार्डात हळदीच्या कामावर जाऊ लागला आणि हंगामात आमच्याकडे कांडपावर येतो. गिरणी मी स्वतः चालवायला घेतली, सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ७. लोक पहिल्या महिन्यात कुरकुरले, नंतर वेळेवर यायला लागले.

दुसरी गोष्ट केली ती बँकेत वेगळं खातं काढण्याची. हंगामातला खर्च वजा जाता उरलेलं सगळं त्या खात्यात, आणि दर महिन्याच्या १ तारखेला तिथून साडेबारा हजार माझा पगार. घरखर्चाला गल्ल्यात हात घालायचा नाही. ऐकायला सोपं आहे, पण मेमध्ये खात्यात दीड लाख दिसत असताना नणंदेच्या घरच्या लग्नाला पाच हजारांच्या जागी दोन हजारांचा आहेर करायचा, हे किती अवघड असतं ते बाईमाणसालाच कळेल. नातेवाईक म्हणतात, धंदा एवढा जोरात आहे आणि हात आखडता का. त्यांना आपली वही दाखवत फिरता येत नाही.

आमच्या भागातल्या जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. हरिपूरला जमिनीत खोदलेली हळदीची पेवं होती. हळद काढली की सगळी एकदम बाजारात ओतायची नाही, पेवात ठेवायची आणि भाव बघून वर्षभरात काढायची. २००५च्या पुरात त्या पेवांचं फार मोठं नुकसान झालं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बातम्यांत तिच्या रंगाबद्दल खूप आलं. मला वाटतं, या हळदीच्या नावामागे त्या पेवांचाही मोठा वाटा आहे. एकदम आलेलं पीक वर्षभर पुरवून वापरायची ती रीत होती. माझं बँकेतलं खातं हे माझं पेव.

मग आला २०१९चा ऑगस्ट. सांगलीकरांना पुराचं सांगायला नको, आम्ही पाणी फुटांत मोजतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही माणसं घेऊन विश्रामबागला भावाकडे गेलो. मशीन कुठे नेणार? नवव्या की दहाव्या दिवशी परत आले तेव्हा शटर उघडेना, आतून गाळाने धरलं होतं. उखळ काठोकाठ चिखलाने भरलेलं. मी हाताने गाळ काढत होते आणि खाली गेल्यावर त्या ओल्या चिखलाला मिरचीचा वास आला. पंचवीस वर्षांची मिरची त्या लोखंडात मुरलेली, ती पुराच्या पाण्यानेही गेली नव्हती. तिथेच खाली बसून रडले, हे लिहायला मला संकोच नाही.

दोन्ही मोटरी जळाल्यात जमा. वायंडिंग करून घ्यायचं तर सगळ्या सांगलीच्या मोटरी त्याच चार दुकानांत रांगेत. खात्यात पैसे होते, वहीची कृपा. पण पंधरा दिवस मी काहीच केलं नाही. उठून काय करायचं हेच समजत नव्हतं. मुलगा पुण्याला होता, तो म्हणाला, "आई, आता पुरे कर, जागा भाड्याने दे." मलाही ते पटायला लागलं होतं.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात शेजारच्या गल्लीतल्या एक आजी आल्या. डब्यात चार किलो मिरची, डेखं काढलेली, भाजलेली. म्हणाल्या, "अक्का, बरणीत पाणी शिरलं. वर्षाची चटणी गेली. कालवणात घालायला घरात काही नाही." तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, की ज्या घरात पाणी शिरलं त्या प्रत्येक घरातली चटणी गेली असणार. मी उठले. एक मोटर दुप्पट पैसे देऊन आधी करून घेतली. कांडप भर पावसाळ्यात सुरू झालं. आजपर्यंत असं कधी झालं नव्हतं. गौरी-गणपतीत बायका डबे घेऊन उभ्या होत्या आणि मिरची दमट होऊ नये म्हणून चुलीवर परत शेकून आणत होत्या. दर मी कमी केला नाही, कारण वीज आणि मजुरी मलाही द्यायची होती. पण पैसे दिवाळीला द्या म्हटलं. दोन घरं सोडली तर सगळ्यांनी दिले. त्या दोन घरांकडे मी मागायला गेले नाही.

प्रेरणा या विषयावर हल्ली व्याख्यानं होतात. आमच्या बचत गटालाही एकदा एका हॉलमध्ये नेलं होतं. वक्त्यांची तळमळ खरी होती आणि बायका भारावून बाहेर पडल्या, हे मी डोळ्यांनी बघितलं. माझं म्हणणं एवढंच आहे, की मला पुन्हा उभं केलं ते त्या चार किलो मिरचीने. कुणाला तरी आपलं काम हवं आहे, आज हवं आहे, आणि ते आपल्यालाच येतं, हे समजलं की अंगात बळ येतं. आणि मोटरला द्यायला खात्यात पैसे असतील तरच त्या बळाचा उपयोग होतो. या दोन्हींतलं एक नसतं तर मी जागा भाड्याने दिली असती.

२०२०चा अनुभव मात्र माझ्या वहीला उलटा शिकवून गेला. २५ मार्चला सगळं बंद झालं, ऐन हंगामात. कांडप बंद. पण पिठाच्या गिरण्यांना अत्यावश्यक म्हणून परवानगी होती. जी गिरणी मी दोनदा मोडीत काढायला निघाले होते, तिच्यावर ते तीन महिने आमचं घर चाललं. घरघंटीवालेसुद्धा दळण घेऊन आले, कारण घरातली माणसं वाढली होती. तेव्हापासून एखादी गोष्ट तोट्यात आहे असं वहीत दिसलं तरी मी ती लगेच मोडत नाही. ती अडचणीत कामाला येईल का, तेही बघते. आता दिवाळीआधी चकलीची भाजणी आणि श्रावणात उपवासाची भाजणी याच गिरणीवर दळते, आणि तिचे आकडे सुधारले आहेत.

२०२१च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. या वेळी आमचा नियम ठरलेला होता. आयर्विनजवळ ३८ फूट झालं की कुणाला विचारत बसायचं नाही, मोटरींचे बोल्ट खोलायचे आणि साखळी कप्पीने त्या माळ्यावर घ्यायच्या. कोयनेतून किती पाणी सोडलंय, पाऊस किती आहे, यावर गल्लीत चर्चा चालू होती, तोवर आमच्या मोटरी वर गेल्या होत्या. लोखंडाचा सांगाडा बुडला, तो धुऊन निघतो. आठ दिवसांत मशीन सुरू झालं.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं तिच्याकडे येते. त्या व्याख्यानाला आलेली आमच्याच भागातली एक मुलगी, वय सव्वीस. हाताला चव इतकी, की तिच्या कांदा-लसूण चटणीची पाकिटं पुण्याला जायची. तिने मुद्रा योजनेतून कर्ज काढलं, पॅकिंग मशीन घेतलं, अन्न परवान्याची नोंदणी केली, सगळं रीतसर. एका मोठ्या दुकानाने एकदम तीनशे किलोची ऑर्डर दिली. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. मीच तिची मिरची कांडून दिली. माल गेला. पैसे महिन्याने देतो म्हणाले, मग दोन महिन्यांनी, मग साहेब बाहेरगावी आहेत. साडेचार महिने लागले. तोपर्यंत मिरचीवाल्याचे पैसे थकले, हप्ता चुकला, आणि पुढची मिरची घ्यायच्या वेळी, जेव्हा ती स्वस्त असते तेव्हा, तिच्या हातात दमडी नव्हती. तिने मशीन विकलं. आता ती एका कपड्याच्या दुकानात कामाला जाते. तिची चव कमी पडली नाही, कष्ट कमी पडले नाहीत. साडेचार महिने ढकलायला पैसे कमी पडले.

छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असं सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६चा कायदा सांगतो. उशीर झाला तर व्याजही द्यावं लागतं. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी लागते, आणि ती फुकट होते. ही माहिती त्या मुलीला पैसे बुडत चालले तेव्हा कळली, मलाही तेव्हाच कळली. तक्रार करायची म्हटलं तर ती म्हणाली, "अक्का, तक्रार केली तर पुढची ऑर्डर कोण देईल?" पुढची ऑर्डर तशीही आली नाही. हा कायदा बँकेने कर्ज देतानाच समजावून सांगितला पाहिजे, आणि आपल्यासारख्या वृत्तपत्राने तो चार वेळा छापला पाहिजे.

मी मिरजेहून पुण्याच्या गाडीने मुलाकडे जाते तेव्हा वाटेत किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तिथल्या माळावर कारखाना उभा केला, हे शाळेत आम्हाला शिकवलं. पण त्याआधी बेळगावात त्यांचं सायकलींचं दुकान होतं, आणि लोखंडी नांगर केले तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीने शेतकरी ते घेत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं. नांगर पडून होते ते दिवस त्यांनी कसे काढले? कामगारांना काय दिलं? माझ्यासारखीला त्या दिवसांची गोष्ट माळावरच्या कारखान्यापेक्षा जास्त कामाची आहे.

म्हणून माझी विनंती आहे. आपला वार्ताहर पुढच्या यशोगाथेसाठी कुणाकडे जाईल तेव्हा त्याने वार्षिक उलाढालीसोबत आणखी काही विचारावं. तुमचा वर्षातला सर्वांत वाईट महिना कोणता आणि त्यात घर कशावर चालतं? तुम्ही स्वतःला पगार किती लावता? लोकांकडे किती पैसे अडकलेत, आणि किती दिवसांपासून? सुरुवातीला कुणाचा आधार होता, वडिलांची जमीन, नवऱ्याची नोकरी, भावाचे पैसे? हे सांगण्यात त्या माणसाचं काही कमी होणार नाही. आणि जो धंदा बंद पडला, त्याचीही गोष्ट छापावी, नाव न घालता. त्या मुलीला मी विचारलं आहे. तिचे कागद आणि बिलं तिने ठेवली आहेत, आणि कुणी नीट ऐकून घेणार असेल तर ती बोलायला तयार आहे.

माझ्या वह्या आता नऊ झाल्या आहेत. गल्लीतल्या तीन मुली आणि एक रिक्षावाला दादा महिन्यातून एकदा दुपारी गिरणीत बसून आपापल्या वह्या भरतात, कुठे अडलं तर एकमेकांना विचारतात. कुणाला यायचं असेल तर जूननंतर यावं, ११ ते ५ गिरणी बंद असते तेव्हा. मार्च ते मेमध्ये मात्र मशीनचा आवाज असतो, आणि ठसक्याने नवख्या माणसाला बसवत नाही.

आपली,
एक कांडपवाली वाचक,
गावभाग, सांगली